जनरलची गाडी आणि पांढरी पिकअप

हिला जाऊन दोन महिने होत आले, तरी भेटायला येणारी माणसं अजून येतात. आली की आधी थोडा वेळ जमिनीकडे बघत बसतात. "फार त्रास नाही ना झाला?" असं विचारतात. मी "नाही" म्हणतो. मुलगी चहा आणते. आलेली माणसं आमच्या कुवेतच्या दिवसांतली असतील, तर मात्र चहा अर्धा व्हायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "पण वहिनी ती जनरलची गाडी काय सांगायच्या हो!" आणि खोलीतली हवाच बदलते. वाकलेल्या पाठी सरळ होतात, हात हलू लागतात, कप बाजूला ठेवले जातात.

ती गाडी जळताना प्रत्येकाने पाहिली आहे, आणि प्रत्येकाची गाडी निराळी आहे. कुणाची काळी मर्सिडीज, कुणाची लष्करी जीप. कुणाचा जनरल गाडीतून उडी मारतो, कुणाचा गाडीखाली सापडतो. मागच्या आठवड्यात आलेल्या एका गृहस्थांनी तर जनरलच्या टोपीने पेट घेतलेला पाहिला होता. युद्धाच्या त्या वर्षी ते साताऱ्यात होते हे मला आठवत होतं, पण मी बोललो नाही. ते सांगत होते आणि मुलगी बऱ्याच दिवसांनी हसत होती.

सगळ्यांत जवळ मी होतो. इतका जवळ की हात लांब केला असता तर जनरलच्या खांद्याला लागला असता. पण ही गोष्ट मी कधी सांगितली नाही. आमच्या घरात सांगायचं काम हिचं होतं आणि माझं काम ऐकताना मान हलवण्याचं. आता सांगणारी राहिली नाही, म्हणून सावकाश लिहून काढतो आहे.

आम्ही फिंतासला राहत होतो. समुद्राकडच्या रस्त्याला लागून चार मजल्यांची इमारत होती. मी सरकारी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होतो. मुलगी शाळेसाठी पुण्याला आजोळी होती. तिथल्या मराठी मंडळींचं दरवर्षी गणपतीत एक नाटक व्हायचं आणि त्याच्या तालमी आमच्या हॉलमध्ये होत. ही प्रॉम्प्टर. स्टेजवर ती कधीच गेली नाही, पण सगळ्यांच्या भूमिका तिला पाठ असत. कोण कुठे अडखळणार हेही तिला माहीत असे. नट विसरायच्या आधीच पडद्याआड तिचे ओठ हलू लागत. मला एकदा शिपायाचं काम दिलं होतं, "साहेब, तार आली आहे" एवढंच. तिसऱ्या तालमीला ही म्हणाली, "अहो, तुम्ही घरी पुस्तक वाचत बसा. तार टपालाने येऊ दे."

त्या वर्षी तीन अंकी विनोदी नाटक बसवत होते आणि ऑगस्टमध्ये इराकचे रणगाडे आले. नाट्यगृहाचं आरक्षण वगैरे प्रश्नच राहिला नाही. अर्धी मंडळी बसने बसऱ्यामार्गे अम्मानकडे निघून गेली. इस्पितळाला माणसं हवी होती म्हणून मी राहिलो आणि मी राहिलो म्हणून ही राहिली. इमारतीत मराठी अशी आणखी तीन माणसं उरली. पहिला आमचा नायक, शुऐबाच्या कारखान्यातला इंजिनियर. कारखाना बंद पडल्यामुळे तो दिवसभर जिना चढत-उतरत असे. दुसरी त्याची आई, मूळची परभणीकडची. सून बाळंतपणाला नाशिकला गेली तेव्हा मुलाच्या जेवणाचे हाल नकोत म्हणून आलेली आणि इथेच अडकलेली. तिला सगळे काकू म्हणत. तिसऱ्या माझ्याच इस्पितळातल्या सिस्टर, मालवणच्या, कुवेतमध्ये आमच्या कितीतरी आधीपासूनच्या.

या चौघांनी तालमी थांबवल्या नाहीत. करायला दुसरं काही नव्हतंच. गेलेल्यांची कामं उरलेल्यांनी वाटून घेतली, खिडक्यांना जाड पडदे लावले, आणि हिने एकच नवा नियम केला, तो म्हणजे टाळ्या वाजवायच्या नाहीत.

गाडीचा प्रकार ऑक्टोबरमधला. ऊन अजून चांगलं होतं आणि काकूंच्या डोक्यात वाळवण शिरलं होतं. "लढाई म्हनलं की घरात वाळवण पायजेच," असं त्या म्हणत. सहकारी दुकानात, तिथल्या भाषेत जमइयात, गव्हाचं एक पोतं मिळालं होतं. ते भिजवून, वाटून, चीक शिजवून गच्चीवर कुरडया घालायचं ठरलं. मलाही मदतीला बोलावलं होतं, पण हिने सकाळी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अहो, आधी ते केस कापून या. इस्पितळातले पेशंट तुम्हाला बघून घाबरतील."

न्हाव्याचं दुकान रस्त्यापलीकडे होतं, आमच्या गच्चीतून दिसेल असं. न्हावी हैदराबादचा. त्याने माझा चष्मा काढून फळीवर ठेवला, गळ्याभोवती पांढरी चादर बांधली, आणि डावी बाजू पूर्ण केली. तेवढ्यात दार उघडलं, न्हाव्याचा हात थांबला. मी चटकन चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला. दारात बंदूकधारी शिपाई होता आणि त्याच्या मागे एक जाडसर, दमलेला अधिकारी. खांद्यावर एवढं सोनेरी काम होतं की तो खरंच जनरल होता की त्याहून लहान कुणी, हे आम्हाला कधीच कळलं नाही. पुढे सगळ्यांनी जनरलच म्हटलं.

मी उठू लागलो. त्याने हाताने बस म्हणून खूण केली, आणि शेजारच्या खुर्चीत बसून हनुवटीवरून बोट फिरवलं. दाढी करायची होती. न्हावी मला तसाच सोडून त्याच्याकडे वळला. "बैठे रहो भाई, हिलना नक्को," असं तो माझ्या कानाशी पुटपुटला. जनरलने डोळे मिटले. शिपाई बाहेर जाऊन सिगारेट ओढू लागला. ड्रायव्हर गाडी सोडून पलीकडच्या दुकानात पाणी प्यायला गेला होता. मी अर्ध्या केसांनी, चादर गुंडाळून, समोरच्या आरशात बघत बसलो. आरशात माझ्या मागचा रस्ता आणि उभी असलेली गाडी दिसत होती. त्या आरशात मला काय दिसलं ते पुढे सांगतो.

जनरलचा एक गाल झाला होता. न्हावी दुसऱ्या गालाला वस्तरा लावणार, एवढ्यात बाहेर आवाज झाला. फार मोठा नव्हता. स्टोव्ह भडकावा तसा "भप्प" झाला. मग काच आत आली. आम्ही तिघेही जमिनीवर आडवे झालो, जनरल अर्धा माझ्या अंगावर. माझा चष्मा कुठेतरी उडाला. न्हावी वस्तरा उंच धरून पडला होता, कुणाला लागू नये म्हणून. बाहेर गाडी मागच्या चाकापासून टपापर्यंत पेटली होती, पण आत कुणी नव्हतं. कुणाला ओरखडासुद्धा आला नाही. जनरल उठला, एका गालावर फेस तसाच, आणि त्याने पहिल्यांदा आरशात पाहिलं. तो जितका घाबरला होता त्याहून जास्त ओशाळला होता.

मग शिपाई धावत आले. दुसऱ्या गाडीतून जनरल निघाला आणि त्याने न्हाव्यालाही बरोबर घेतलं, कारण दाढी अर्धीच झाली होती. (न्हावी संध्याकाळी परत आला. वर बक्षीस म्हणून खजुराचा डबा घेऊन.) मी मात्र जनरलच्या शेजारी बसलेला परका माणूस. मला दोघांनी दंडाला धरून बाहेर ओढलं. चादर गळ्यातच होती. आमच्या इमारतीखाली पहारेकऱ्याची खोली होती, तिच्यात मला बसवलं.

आता गच्चीवरचं. हे मला नंतर सगळ्यांनी सांगितलं, म्हणून प्रत्येकाचं थोडं थोडं घेऊन लिहितो.

गच्चीवर चौघंही खाली वाकून कुरडया घालत होती. आवाज झाला तेव्हा सगळ्यांनी माना वर केल्या आणि पाहिलं तर धूर आणि ज्वाळा. म्हणजे गाडी पेटली कशी, हे कुणीच पाहिलं नव्हतं. मग मला ओढून नेताना पाहिलं. गळ्यातल्या पांढऱ्या चादरीमुळे हिला वाटलं, मला बँडेज बांधलंय. ती कठड्याशी जाऊन ओरडणार, तोच सिस्टरनी तिला धरलं. "रक्त नाय गो. केस फक्त अर्धे आसत," असं त्या म्हणाल्या. त्या धंद्यातल्या असल्याने त्यांच्या शब्दावर विश्वास बसला.

थोड्याच वेळात एक तरुण कॅप्टन गच्चीवर आला. इंग्रजी चांगलं बोलणारा. खालून शिपायांना गच्चीवर माणसं दिसली होती, म्हणजे यांनी सगळं पाहिलं असणार. दुपारी मी येऊन जबान्या घेईन, तो म्हणाला. खाली बसलेल्या माणसाचा यात हात नाही हे पटलं तर तो वर येईल. पटलं नाही तर संध्याकाळच्या ट्रकने बसऱ्याला जाईल. एवढं सांगून तो कुरडयांच्या चादरींना वळसा घालून, एकीवरही पाय न देता निघून गेला.

बसऱ्याला जाणं म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत होतं. दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या एका कुवेती शिक्षकाला असंच नेलं होतं आणि त्याच्या घराचं दार अजून उघडलं नव्हतं.

"आपण काही पाहिलं नाही म्हणून सांगू," इंजिनियर म्हणाला. "खरंच नाही पाहिलं."

"खरं सांगून कसं चालेल?" ही म्हणाली. "मग उरले एकटे हेच. काहीतरी पाहायलाच हवं."

"काय पाहायचं?"

हिने थोडा विचार केला. "पांढरी पिकअप. आली, थांबली, गेली."

ते अगदी योग्य होतं. त्या काळी कुवेतमध्ये पांढऱ्या पिकअप इतक्या होत्या की त्यामुळे कुणीही सापडलं नसतं. पण पुढे जे झालं ते फक्त आमच्याच लोकांच्या हातून होऊ शकतं. हाताशी दुपारपर्यंतचा वेळ होता आणि प्रॉम्प्टर होती. त्यांनी जबानीची तालीम केली.

आमच्याच हॉलमध्ये, पडदे लावून. हिने इंग्रजीत चार वाक्यं बेतली. पहिल्यांदा इंजिनियरने म्हटली, मग सिस्टरनी, मग काकूंनी. काकूंना इंग्रजी येत नव्हतं, पण पाठांतर पक्कं होतं. त्या मुलाच्या तोंडून ऐकून ऐकून, सूर आणि श्वाससुद्धा तसेच घेत म्हणू लागल्या. "काकू, 'पिकअप' म्हणताना थांबू नका," "सिस्टर, हात दाखवा, नुसतं उभं राहू नका," असं हिचं चालू होतं. इंजिनियर म्हणे, "वहिनी, शेवटी डोळ्यांत पाणी आणू का?" त्यावर ही म्हणाली, "भावजी, जबानी आहे, तिसरा अंक नाही."

दुपारी कॅप्टन आला. मला वर आणून हॉलमधल्या वेताच्या खुर्चीत बसवलं. मागे शिपाई. कुणीतरी माझा चष्मा दुकानातून आणून दिला होता, तो मी घातला. ही स्वयंपाकघराच्या पडद्यामागे गेली. बायकोची जबानी चालणार नाही, असं कॅप्टनने आधीच सांगितलं होतं.

इंजिनियर पुढे झाला. "सर, आय ॲम ॲन इंजिनियर," तो म्हणाला. उजवा हात कपाळाशी नेऊन, दूर बघितल्यासारखं करून, "आय वॉज ऑन द टेरेस. वन व्हाइट पिकअप केम. इट स्टॉप्ड. इट वेंट."

कॅप्टनने लिहून घेतलं. मग सिस्टर आल्या. त्यांनी आपण नर्स असल्याचं सांगितलं आणि उजवा हात कपाळाशी नेला. "आय वॉज ऑन द टेरेस. वन व्हाइट पिकअप केम." थांबण्याची जागा तीच, सूर तोच. कॅप्टनने लिहिता लिहिता मान वर केली.

मग काकू. नऊवारी नीट करून, सुनेने दिलेली शाल घेऊन त्या उभ्या राहिल्या आणि ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "सर, आय ॲम ॲन इंजिनियर."

कॅप्टनने पेन खाली ठेवलं. "तुम्हीसुद्धा?"

"येस," काकू खूश होऊन म्हणाल्या. हात कपाळाशी गेला. पण कॅप्टन मधे बोलल्यामुळे पुढचं वाक्य निसटलं. त्या थांबल्या. छताकडे पाहिलं. आणि स्वयंपाकघराच्या पडद्यामागून, इतक्या वर्षांच्या सवयीने, हलक्या स्पष्ट आवाजात आलं, "आय वॉज ऑन द टेरेस..."

"हां! टेरेस!" काकू म्हणाल्या.

कॅप्टन उठला आणि त्याने पडदा सरकवला. मागे ही उभी होती, तोंडावर हात ठेवून.

"हे कुणी शिकवलं यांना?"

"मी," ही म्हणाली.

"का?"

"कारण माझ्या नवऱ्याने काही केलेलं नाही. आणि ही तिघं आपापलं बोलायला लागली की काय बोलतील याचा भरवसा नाही. मी ओळखते यांना."

कॅप्टनचा चेहरा बदलला होता. पाठ करून घेतलेली जबानी म्हणजे काहीतरी लपवायचं आहे, असा अर्थ कुणीही काढेल. त्याने शिपायाकडे पाहिलं. शिपायाचा हात माझ्या खांद्यावर पडला. मला आठवतं, त्या क्षणी मी मूर्खासारखा विचार केला, की निदान उरलेले केस कापून न्यायला हवं होतं.

"थांबा," ही म्हणाली. तिचं इंग्रजी शाळेतलं होतं, पण अडलं की ती हिंदी घालायची. "साहब, हम नाटक के लोग हैं. हम सब कुछ ऐसे ही करते हैं. देखिए." आणि इंजिनियरकडे वळून मराठीत म्हणाली, "भावजी, दुसरा अंक. तुमची एंट्री."

इंजिनियर एरवी एंट्री चुकवायचा. त्या दिवशी नाही चुकवली. नाटकात नायक स्वतःच्याच मामाचं सोंग घेऊन सासुरवाडीत शिरतो, तो प्रवेश होता. तो दारातून आत आला, उजवा हात कपाळाशी नेला, आणि म्हणाला, "अरेच्या! हेच का ते घर, जिथे जावयाला चहासुद्धा चिठ्ठी लिहून मागावा लागतो?" सिस्टर पुढे झाल्या. त्यांचाही हात कपाळाशी. काकू नायकाच्या सासूचं काम करत होत्या. त्या विसरल्या. पडद्याजवळून हिने वाक्य दिलं. काकू "हां!" म्हणाल्या आणि वाक्य म्हटलं. सगळं अगदी मघासारखं.

कॅप्टन खुर्चीत बसला. एक अक्षर कळत नसताना तो पुष्कळ वेळ बघत राहिला. मग इंजिनियरचा हात तिसऱ्यांदा कपाळाशी गेला तेव्हा त्याने विचारलं, "या माणसाला एवढाच एक अभिनय येतो का?"

"हो ना साहेब," ही कळवळून म्हणाली. "किती वर्षं सांगतेय, हात खाली ठेवा म्हणून!"

कॅप्टन हसला. आधी नाकातून, मग मोकळेपणाने. शिपायाला काय चाललंय ते कळलं नव्हतं, पण साहेब हसतोय म्हणून तोही हसला. माझ्या खांद्यावरचा हात सैल झाला.

"बरं," कॅप्टन म्हणाला, "आता पाठ केलेलं नको. खरंच काय दिसलं?"

झालं. तिघंही एकदम सुरू झाली. इंजिनियर म्हणाला, गाडी हिरवी होती. सिस्टर म्हणाल्या, "हिरवी खंय? काळीच होती ती." "धुरानं काळी झाल्ती ती, आधी मातकट होती," काकू म्हणाल्या. "आई, तू कुरडया बघत होतीस!" "आन तू काय करायलास, बसून कच्चा चीक खायलास!" धूर आधी की आवाज आधी यावरून सिस्टर आणि इंजिनियर यांचं इतकं जुंपलं की सिस्टर मधेच अरबीत कॅप्टनला साक्षीला बोलावू लागल्या. तिघांनी एक पाऊलही एकाच दिशेने टाकलं नाही. कॅप्टनने दोन्ही हातांनी डोकं धरलं. ही माणसं मिळून एखादा कट करतील, ही शंका त्याच्या मनातून त्याच वेळी गेली असावी.

मग तो माझ्याकडे वळला. "तुम्ही? तुम्ही सर्वांत जवळ होता. आरशासमोर."

मी म्हणालो, "केस कापताना चष्मा काढून ठेवतात. माझा फळीवर होता."

माझी ही रंगमंचावरची पहिली आणि शेवटची भूमिका. वाक्य मी स्वतःच केलं होतं आणि ते कुणी आधी ऐकलेलं नव्हतं. हिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग लगेच म्हणाली, "चष्म्याशिवाय यांना बायको ओळखू येत नाही साहेब. एकदा सिनेमाच्या गर्दीत दुसरीच्याच मागे चालत गेले होते."

कॅप्टनने माझा चष्मा काढला, दोन पावलं मागे जाऊन हात वर केला. "किती बोटं?" मला हातच दिसत नव्हता. तसं मी सांगितलं, आणि ते शंभर टक्के खरं होतं.

त्याने चष्मा परत दिला आणि कागदांची घडी घातली. माझ्या केसांकडे बघून म्हणाला, "हे पूर्ण करून घ्या." काकूंनी तेवढ्यात आदल्या घाण्यातल्या वाळलेल्या कुरडया तळायला टाकल्या होत्या. तेल कमी होतं, तरी टाकल्या. कॅप्टनने एक खाल्ली, मग दुसरी घेतली. मोसूलला त्याची आई उकडलेला गहू गच्चीवर चादरींवर वाळवते, म्हणून सकाळी तो त्या चादरींवर पाय न देता गेला होता, असं तो म्हणाला. दारात पोचल्यावर मात्र तो वळला. "पिकअप. तिचा रंग कुठला होता?"

"व्हाइट!" तिघंही एका सुरात म्हणाली, आणि तिन्ही उजवे हात कपाळाशी गेले.

ऊन कलल्यावर हिने मला बाल्कनीत स्टुलावर बसवलं आणि स्वयंपाकघरातल्या कात्रीने उजवी बाजू कापायला घेतली. खाली रस्त्यावर गाडीचा काळा सांगाडा अजून तसाच होता. मग कानामागचे केस कापता कापता म्हणाली, "चष्मा कुठे होता?"

"डोळ्यांवर."

"वाटलंच मला. काय दिसलं?"

मी सांगितलं. आरशात बुरख्यातली, म्हणजे काळ्या अबायातली एक बाई दिसली, हातात खुबूसची, म्हणजे तिथल्या रोट्यांची पिशवी. गाडीच्या मागच्या चाकाशी ती चप्पल नीट करायला वाकावी तशी वाकली. उठली तेव्हा हातात पिशवी नव्हती. फुटपाथवर चढताना तिने अबाया किंचित उचलला आणि खाली पुरुषाचे बूट होते. तपकिरी, रोज सकाळी ऑफिसला जाणारा माणूस घासतो तसे घासलेले, नाड्या सारख्या बांधलेल्या. तो माणूस घाई न करता समुद्राकडच्या गल्लीत वळला.

"कोण होता?"

"माहीत नाही. कुणीतरी कारकून असेल."

कात्री थोडी थांबली. "कुणाला सांगू नकोस," मी म्हणालो.

"नाही सांगणार," ती म्हणाली, आणि माझी मान पुढे वाकवली.

तिने उजवी बाजू डावीपेक्षा चांगलीच आखूड केली. मी पुढचे काही दिवस इस्पितळात टोपी घालून गेलो.

फेब्रुवारीच्या शेवटी सगळं संपलं. तेलविहिरींच्या धुराने दुपारी दिवे लावावे लागत होते, तरी लोक रस्त्यावर नाचत होते. ज्याने जे केलं होतं ते तो उघडपणे सांगू लागला. आम्हीही गणपतीचं नाटक पुढच्या सप्टेंबरमध्ये एकदाचं केलं. इंजिनियरचा हात कपाळाशी गेला की प्रेक्षकांत बसलेली फिंतासची मंडळी ओरडायची, "व्हाइट!" तेव्हापासून ही ती गोष्ट सांगायला लागली. कुवेतला सांगितली, पुण्याला परतल्यावर सांगितली, लग्नाकार्यात, आगगाडीत, सोसायटीच्या बैठकीत. दरवेळी ती थोडी वाढायची. जनरल जाड होत गेला, काकूंचं इंग्रजी बिघडत गेलं, माझे केस आखूड होत गेले. पण "आणि तेवढ्यात आली पांढरी पिकअप!" या वाक्याशी आली की ती चष्म्यावरून एकदा माझ्याकडे बघायची आणि पुढे जायची. बूट एकदाही आले नाहीत. ज्या बाईच्या पोटात साध्या वाढदिवसाची भेटसुद्धा संध्याकाळपर्यंत टिकत नसे, तिने हे ठेवलं. सांगू नकोस असं मी एकदा म्हटलं होतं, आणि आता सांग असं म्हणायचं माझ्या कधी लक्षातच आलं नाही.

शेवटी इस्पितळात होती तेव्हा रक्त घ्यायला येणाऱ्या मुलीला तिने ती गोष्ट सांगायला घेतली. आवाज बारीक झाला होता, पण हातवारे होते. पिकअपशी आली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "सांग आता खरं. काही हरकत नाही."

ती हसली. "राहू दे," म्हणाली. "पिकअपच बरी आहे. लोकांना सवय झाली आहे तिची." आणि पुढे गेली.

गेल्या रविवारी इंजिनियर नाशिकहून आला. आता कानात यंत्र आहे, पण आवाज तोच. शेजारचीही दोन माणसं बसली होती. त्याने गोष्टीतली गाडी पुन्हा पेटवली, काकूंची आठवण काढून हसला, डोळे पुसले. मग म्हणाला, "भाऊसाहेब, आज तुम्ही सांगा. इतक्या वर्षांत तुमच्या तोंडून ऐकलंच नाही."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी सुरुवात केली. न्हावी, चादर, जनरलचे मिटलेले डोळे, समोरचा आरसा. आरशाशी आलो आणि थांबलो. ते तपकिरी बूट मला इतके स्पष्ट दिसत होते की नाड्या मोजता आल्या असत्या. आता तिथे कुणाला कसली भीती नव्हती. सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी थांबलेलाच राहिलो आणि सवयीने तिच्या खुर्चीकडे पाहिलं.

स्वयंपाकघराच्या दारातून मुलगी, चहाचा ट्रे हातात घेऊन, हलक्या स्पष्ट आवाजात म्हणाली, "आणि तेवढ्यात आली..."

"पांढरी पिकअप," मी म्हणालो.

इंजिनियरचा उजवा हात कपाळाशी गेला.